हाही ठोका माझाच

माझ्या मामाला सगळे 'सपाट' म्हणायचे. त्यात कुचेष्टा नव्हती, कौतुकच होतं. गाडीला कसलाही पोचा आलेला असो, मामा त्यावरून एकदा तळहात फिरवायचा, दोन क्षण थांबायचा आणि म्हणायचा, "होईल सपाट." आणि ते व्हायचंच.

त्याचं काम एका गॅरेजमध्ये. पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून छोट्या हातोडीने टकटक करत पत्रा मूळ जागी आणायचा. जोर लावायचा नाही. "पत्र्याला आपली जागा ठाऊक असते," तो म्हणायचा, "आपण नुसती आठवण करून द्यायची." घरीही तेच. शेजाऱ्यांची पत्रपेटी, कोणाची चेपलेली किटली, कोणाचं लोखंडी कपाट, रविवारी काही ना काही त्याच्यासमोर असायचंच. मामी म्हणायची, "घरात एक वस्तू वाकडी राहू देत नाही हा माणूस. एक मी तेवढी सुटले."

मी त्यांच्याकडेच वाढले. माझी आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण, दूरच्या शहरात परिचारिका होती. तिच्या रात्रपाळ्यांमुळे मी सहा वर्षांची असतानाच तिने मला भावाच्या हवाली केलं. मामा-मामीला मूल नव्हतं. पुढच्या खोलीत मामीचं इस्त्रीचं दुकान, मधे स्वयंपाकघर आणि मागे आम्ही तिघं. लोकांच्या शर्टांच्या वासात मी अभ्यास केला.

मामा तसा नाकासमोर चालणारा. पण ही गोष्ट तो नाकासमोरचा रस्ता सोडून गेला त्याची आहे, आणि परत कसा आला त्याचीही.

गॅरेजचे जुने मालक थकले आणि कारभार त्यांच्या जावयाने हातात घेतला. जावई हुशार. आल्या आल्या त्याने काचेची केबिन बांधली, त्यात सोफा टाकला आणि गिऱ्हाइकांना गार पाणी द्यायला सुरुवात केली. त्याच्याकडे एक सर्व्हेअर वारंवार यायला लागला. गाडीचं नुकसान किती झालंय ते विमा कंपनीच्या वतीने बघून आकडा ठरवतो तो सर्व्हेअर. हा नेहमी पांढरे बूट घालायचा. तेलाने माखलेल्या गॅरेजात पांढरे बूट घालून फिरायचा आणि त्यांच्यावर डाग पडायचा नाही. मामाला त्याचंच जास्त आश्चर्य वाटायचं.

एक दिवस जावयाने मामाला एका गाडीपाशी नेलं. दाराला बोटभर खरचटलेलं होतं.

"इथे जरा वाढव," जावई म्हणाला.

"काय वाढवू?"

"पोचा."

मामा हसला. जावई हसला नाही.

मग त्याने समजावून सांगितलं. पोचा मोठा दिसला की सर्व्हेअर मोठा आकडा लिहिणार, कंपनी मोठी रक्कम देणार, आणि वरचं जावई आणि सर्व्हेअर वाटून घेणार. "अरे, विमा कंपनी म्हणजे समुद्र. तांब्याभर पाणी काढलं तर समुद्राला कळतं का? आणि गिऱ्हाइकाचं काय बिघडलं? त्याला नवंकोरं दार मिळतंय. उलट दुवा देईल."

अशा रीतीने काट्याचा नायटा करायचं काम मामाकडे आलं. हातोड्याला गोणपाट गुंडाळायचं, म्हणजे खूण उठत नाही, आणि हाणायचं. मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, माझ्या कॉलेजची फी होती, आणि पन्नाशीच्या माणसाला नवीन काम कोण देतं? पण ही कारणं मी सांगते आहे. मामाने ती कधी सांगितली नाहीत. कोर्टातसुद्धा नाही.

आम्हाला घरी काही माहीत नव्हतं. फरक तेवढा दिसत होता. शेजारीण पत्रपेटी घेऊन आली तर मामा म्हणाला, "राहू दे आता, पुढच्या रविवारी बघू." पुढच्या रविवारीही तेच म्हणाला. मामी माझ्याकडे बघायची, मी मामीकडे.

"दमता का हो हल्ली?" तिने एकदा विचारलं.

"वय झालं," मामा म्हणाला आणि ताटावरून उठला.

असं दीड-दोन वर्षं चाललं.

मग ती राखाडी गाडी आली. छोटी आणि जुनी, पण आतून लख्ख. घेऊन आल्या त्या बाई साठीच्या पुढच्या, कडक आवाजाच्या. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं ऑपरेटर होत्या. आम्ही पुढे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणायला लागलो, त्यांच्या तोंडावरसुद्धा. फाटकातून गाडी काढताना मागच्या दाराला घासली होती, बस, तेवढंच.

"लवकर द्या हं," त्यांनी मामाला सांगितलं. "ही गाडी म्हणजे माझ्या ताईचे पाय आहेत." आणि त्यांनी पुढचं दार उघडून दाखवलं. चालकाशेजारचं आसन खालच्या खटक्याने पूर्ण बाहेरच्या बाजूला फिरायचं. थोरल्या बहिणीला चालता येत नव्हतं. चाकाच्या खुर्चीतून सरळ या आसनावर सरकायचं, आसन फिरवायचं, की झालं. कुणी उचलायला नको. दोघीच राहत होत्या, आणि आठवड्यातून दोनदा थोरलीला व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागायचं. आसन एका लोहाराकडून त्यांनी करून घेतलं होतं. वर उशी, आणि त्या उशीला थोरल्या बाईंच्या बसण्याचा खोलगट आकार आलेला.

मामाने मागच्या दारावरून हात फिरवला. "उद्या संध्याकाळी न्या," तो म्हणाला.

पण जावयाच्या डोक्यात आता तांब्याभर पाणी राहिलं नव्हतं. त्याला आणि सर्व्हेअरला नवी युक्ती सापडली होती. गाडीच्या सांगाड्यालाच मार बसलाय असं दाखवायचं. मग कंपनी म्हणते, दुरुस्ती परवडत नाही, गाडी बाद. मालकाला थोडी रक्कम मिळते, गाडी भंगारात जाते, ते भंगार जावईच कवडीमोलाने उचलतो, सरळ करतो आणि दुसऱ्या गावी विकतो.

"छताच्या खांबाला हाण, आणि दाराखालच्या पट्टीला," जावई म्हणाला.

"ही नको," मामा म्हणाला. "त्यांची बहीण..."

"सगळ्यांनाच बहीण असते."

"मालक, ही एक सोडा."

"खाल्ल्या मिठाला जाग जरा," जावई म्हणाला आणि केबिनीत गेला.

दुपारी सगळे जेवायला गेले असताना मामाने गोणपाट गुंडाळलं आणि ते काम केलं. आसनाला धक्का लागू नये म्हणून उशी काढून बाजूला ठेवली होती, असं त्याने मला नंतर सांगितलं. सांगताना स्वतःच म्हणाला, "बघ किती मूर्ख माणूस. घर पाडायचं आणि खिडकीवरची कुंडी सांभाळायची."

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले, डोकं हलवलं. ऑपरेटरबाईंना सांगण्यात आलं की जुना मार होता, आतल्या आत वाढला होता, तुमचं नशीब म्हणून रस्त्यात काही झालं नाही. बाई बराच वेळ गाडीला हात लावून उभ्या राहिल्या. मग मामाकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही तुमच्याकडून केलं असणारच." उशी तेवढी काखेत घेऊन त्या चालत गेल्या.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. मामा कामावरून घरी येत होता. दवाखान्याच्या दारात एक भाड्याची गाडी उभी होती आणि चालक हॉर्नवर हात ठेवून वैतागला होता. ऑपरेटरबाई थोरल्या बहिणीच्या काखेत हात घालून तिला आत सरकवायचा प्रयत्न करत होत्या. जमत नव्हतं. थोरल्या बाईंची एक चप्पल रस्त्यावर पडली होती. मामा गेला. त्याने आधी चप्पल पायात घातली आणि मग थोरल्या बाईंना अलगद उचलून आसनावर ठेवलं.

ऑपरेटरबाईंनी ओळखलं. "अगं ताई, हे गॅरेजमधले. आपली गाडी यांनीच वाचवायला बघितली होती."

थोरल्या बाई मामाचा हात धरून म्हणाल्या, "हात किती हलका आहे रे तुझा. दुखलं नाही बघ अजिबात."

मामा घरी आला तेव्हा मामी शर्टांना इस्त्री करत होती आणि मी घड्या घालत होते. तो उभाच राहिला. बूटही काढले नाहीत. आणि त्याने सगळं सांगितलं, पहिल्या दारापासून राखाडी गाडीपर्यंत. मामीने इस्त्री उभी करून ठेवली. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर घर डोक्यावर घेईल. ती दोन्ही करू शकली असती.

"मला कशाला सांगता?" ती शेवटी म्हणाली. "माझी गाडी आहे का? ज्यांची आहे त्यांना जाऊन सांगा."

"मालक म्हणतो, खाल्ल्या मिठाला..."

"मीठ आपण दुकानातून विकत आणतो," मामी म्हणाली. "बूट काढा आणि जेवायला बसा. उद्या जायचंय."

दुसऱ्या दिवशी मी मामाबरोबर गेले. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. मामाने धुतलेला शर्ट घातला होता आणि वाटेत तीनदा घसा साफ केला. पत्ता गॅरेजच्या वहीतून मिळालेला. ऑपरेटरबाईंनी दार उघडलं, ओळखीचं हसल्या. मामाने दारातच सांगून टाकलं.

"तुमची गाडी धड होती. तिला मी मारलं. मालकाने सांगितलं होतं, पण हातोडा माझ्या हातात होता."

त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. ते जास्त वाईट होतं. आम्ही पायरीवर उभे. मामा जायला वळेना आणि बसेनाही. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"कोण आहे गं?"

"कुणी नाही."

"कुणी नाही तर कुणाशी बोललीस?"

मग ऑपरेटरबाई हलक्या आवाजात सांगत राहिल्या, शब्द कळत नव्हते. आणि मग थोरल्या बाईंचा आवाज, आजारी माणसाचा वाटणार नाही इतका खणखणीत: "आत घे त्याला! खोटं बोलून गेलेला माणूस खरं सांगायला परत आलाय. असे किती येतात?"

ऑपरेटरबाईंनी दार उघडलं. मामाकडे न बघता त्या मला म्हणाल्या, "सांग त्यांना, बसा म्हणावं." त्यांनी टेबलावर कोरे कागद आणले, चष्मा लावला आणि पेनाचं टोपण काढलं. "बत्तीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी ऐकल्यात. तक्रार कशी लिहायची हे मला कुणी शिकवू नये. विचार त्यांना, तारीख काय होती?"

अशी ती तक्रार लिहिली गेली. मामा हातभर अंतरावर असताना त्या विचारायच्या माझ्यामार्फत आणि तो उत्तर द्यायचा माझ्यामार्फत. मधेच थोरल्या बाईंनी चहाचं फर्मान सोडलं. चहा झाला, पण ऑपरेटरबाईंनी मामाचा कप त्याच्या हातात न देता टेबलाच्या पार कडेला ठेवला. तक्रार विम्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे गेली. खाली दोन सह्या होत्या, बाईंची आणि मामाची. तिसऱ्या दिवशी मामाने जावयाला तोंडावर सांगितलं. त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. बावीस वर्षांचा ठोकळा आणि दोन हातोड्या घेऊन तो घरी आला.

पुढचे काही महिने कठीण गेले. गॅरेजमधल्या लोकांनी ओळख द्यायचं सोडलं. रात्रंदिवस तोंडात साखर घोळवणारा जावई बाजारात सांगत फिरला की सपाटच चोर होता आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. चोर तो चोर, वर शिरजोर. मामाने मामीच्या दुकानामागे एक छोटी शेड घातली आणि सायकली, कपाटं, बाबागाड्या घ्यायला सुरुवात केली. शेजारणीची पत्रपेटी पहिल्याच आठवड्यात झाली.

सरकारी कार्यालयाने तपास केला आणि दावा लावला. आधी मामीला वाटलं, मामाला तुरुंगात नेणार. तिने दोन शर्ट, बनियन आणि टॉवेल भरून एक पिशवी दाराशी ठेवली होती. कार्यालयाच्या वकीलबाई तरुण होत्या, पण समजावून सांगायची त्यांना हौस होती. "हा दिवाणी दावा आहे. फौजदारी नाही. यात बेड्या नाहीत. यात दंड, लोकांची भरपाई आणि पुढे असं करू नये म्हणून कोर्टाचा हुकूम. पण एक सांगते," त्या मामाला म्हणाल्या, "तुम्ही साक्षीत कबूल केलंत की दंड तुमच्यावरही बसेल. जितक्या गाड्या कबूल कराल तितका जास्त."

"बसू दे," मामा म्हणाला. "बसायलाच पाहिजे."

मामीने टॉवेल परत कपाटात ठेवला. पिशवी मात्र निकाल लागेपर्यंत दाराशीच राहिली. वकिलांवर तिचा विश्वास नव्हता.

मामाच्या साक्षीच्या दिवशी आम्ही चौघी कोर्टात होतो. मी, मामी, ऑपरेटरबाई आणि चाकाच्या खुर्चीत थोरल्या बाई. खोली लहान होती, पंखा आवाज करत होता. पुढे न्यायाधीशबाई, केस पांढरे, सारखं काहीतरी लिहून घेणाऱ्या. जावई आणि सर्व्हेअर एका बाकावर. त्या दिवशी सर्व्हेअरने काळे बूट घातले होते.

जावयाचा वकील सडपातळ आणि फार नम्र. "तुम्हाला कामावरून काढलं, म्हणून राग आहे ना?"

"काढलं ते सांगितल्यावर. सांगितलं आधी."

"बरं. मग आपण फोटो बघू." त्याने एकतीस फोटो आणले होते. मामा ज्याला त्याला 'हो' म्हणेल आणि मग हा माणूस पढवलेला पोपट आहे हे दाखवता येईल, असा त्याचा हिशेब होता. त्याने पहिला फोटो पुढे केला. "हा?"

"माझा."

"हा?"

"हाही ठोका माझाच."

एकेक फोटो येत गेला. प्रत्येकाला मामा जरा वेळ बघायचा आणि म्हणायचा, माझा. मामी माझ्या शेजारी बसून बोटं मोजत होती, मग तिने मोजणं सोडलं आणि माझा हात धरला. प्रत्येक 'माझा' म्हणजे दंड वाढत होता हे तिला कळत होतं. एकोणिसाव्या फोटोला मामा थांबला.

"हा नाही."

"नीट बघा."

"नीटच बघितला साहेब. हा खरा आहे. मागे घेताना खांबाला लागलाय. हिरवी गाडी होती. तिच्या मालकाच्या गळ्याला पट्टा होता, मान वळत नव्हती त्याची. दिसणार कसं मागचं?" आणि मग न्यायाधीशबाईंकडे वळून तो कळवळून म्हणाला, "बाईसाहेब, सगळ्यांचे अडवा, पण त्या बिचाऱ्याचे पैसे अडवू नका."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशबाईंनीही मान खाली घातली. वकिलाने मात्र फोटो भराभर उरकायला सुरुवात केली. शेवटचा फोटो राखाडी गाडीचा होता.

"हा?"

मामाने फोटोवरून एकदा तळहात फिरवला.

"उत्तर द्यावं लागेल," न्यायाधीशबाई हळू आवाजात म्हणाल्या.

मामाने मागे वळून आमच्या बाकाकडे बघितलं. "हाही ठोका माझाच," तो म्हणाला. "सात ठोके."

"सात?" वकील म्हणाला. "इतकं नक्की कसं सांगता?"

"मोजले होते. सातानंतर हात वर जाईना."

वकील खाली बसला. ऑपरेटरबाई समोर बघत होत्या, ताठ. थोरल्या बाईंनी पर्स उघडली, रुमाल काढला आणि तो धाकटीच्या मांडीवर ठेवला.

निकाल तीन महिन्यांनी आला. न्यायाधीशबाईंनी हुकूम वाचून दाखवला. जावई आणि सर्व्हेअर यांना जबर दंड. सर्व्हेअरचा परवाना रद्द. जावयाने यापुढे विम्याचं कोणतंही काम करायचं नाही. ज्यांच्या गाड्या खोट्या कारणाने बाद झाल्या त्यांना भरपाई, आणि गाडी सापडली तर गाडी परत. आणि मामा? त्याने स्वतःहून सांगितलं आणि एकही गाडी लपवली नाही, म्हणून दंड बराच कमी केला होता, हप्त्यांनी भरायचा. पण होता. शिवाय तीन वर्षं विम्याच्या पैशांनी दुरुस्त होणाऱ्या गाडीला हात लावायचा नाही.

"काही म्हणायचंय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"दंड मान्य आहे," मामा म्हणाला. "गाडी कधी सापडेल?"

गाडी सापडायला पाच महिने लागले. दुसऱ्या गावात एका पाववाल्याने ती घेतली होती आणि तिला गडद लाल रंग दिला होता. माणूस भला होता, पण हट्टी. "माझे पैसे माझ्या हातात पडल्याशिवाय किल्ली सोडणार नाही," म्हणाला. कोर्टाचा हुकूम तर होताच, त्यामुळे जावयाला पैसे मोजावे लागले. गाडी आली, आत अजून पावाचा वास होता. पण फिरणारं आसन नव्हतं. पाववाल्याच्या आधीच कोणीतरी ते काढून साधं आसन बसवलं होतं.

लोहार केव्हाच वारला होता. मामा म्हणाला, "मी करतो."

ऑपरेटरबाई मला म्हणाल्या, "सांग त्यांना, पैसे घ्यावे लागतील. फुकटचं मला चालत नाही."

"सांग त्यांना," मामा म्हणाला, "कोर्टाने घालून दिलंय तसं हप्त्याने द्या."

तेव्हा त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. मी बघितला.

आसन करायला सहा आठवडे लागले. थोरल्या बाई रोज शेडमध्ये खुर्ची लावून बसायच्या. मामीच्या टेपने त्यांची मापं घेतली. मामा खटका बसवायचा, त्या बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "जरा कडक आहे रे." मामा पुन्हा सोडवायचा. मधल्या वेळात त्या मामीच्या दुकानात जायच्या आणि कॉलरला इस्त्री आधी आतून करायची की बाहेरून, यावर दोघींचा वाद व्हायचा. तो वाद आजही मिटलेला नाही. मामीला इतक्या वर्षांत मैत्रीण अशी नव्हती. गिऱ्हाइकं होती. एक दिवस मी कॉलेजातून आले तर दोघी उशीला नवीन अभ्रा शिवत बसल्या होत्या आणि मामी त्यांना मामाच्या तरुणपणच्या गोष्टी सांगत होती, ज्या तिने मला कधीच सांगितल्या नव्हत्या.

ऑपरेटरबाईंचं मात्र तसं नव्हतं. त्या थोरलीला सोडायला यायच्या, न्यायला यायच्या. आसन गाडीत बसवलं तेव्हा त्या पूर्ण दुपार तिथेच उभ्या राहिल्या. मामाला गाडीपाशी एकट्याला त्या कधी सोडत नसत. मामाने एकदाही त्याबद्दल तक्रार केली नाही. आसन बसलं, थोरल्या बाई सरकल्या, खटका दाबला आणि आत फिरल्या. पुन्हा बाहेर फिरल्या, पुन्हा आत. लहान मुलीसारखं चार-पाच वेळा केलं. मामा शेडच्या मागे जाऊन नळाखाली तोंड धुऊन आला.

हप्ते दोन वर्षं चालले. मी तोवर नोकरीला लागले होते. मी म्हटलं, उरलेले एकदम भरून टाकू. मामा म्हणाला, "नको. ज्याचे त्याने फेडावेत." दर महिन्याला तो कोर्टाच्या खिडकीवर स्वतः जायचा. तिथला कारकून त्याला ओळखायला लागला होता आणि एकदा स्वतःच्या टेबलाचा वाकलेला खण त्याने मामाला दाखवला. मामाने रांगेतच तो सरळ करून दिला. विम्याची गाडी नव्हती, त्यामुळे हुकूम मोडला नाही.

शेवटच्या हप्त्याच्या दिवशी दोघी बहिणी गाडी घेऊन दारात हजर. ऑपरेटरबाई म्हणाल्या, "चला, मीही येणार. शेवटची पावती मला बघायचीय." मी, मामी आणि मामा मागे बसलो. मामा आत गेला, पैसे भरले, पावती आणली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, तारखेसकट. घडी घालून परत दिली. मग पर्समधून किल्ली काढली आणि मामापुढे धरली. माझ्यामार्फत नाही. सरळ त्याला.

"तुम्ही चालवा."

"मी?"

"मी दररोज चालवते. मला आज जरा बाहेर बघत बसायचंय."

मामाने किल्ली घेतली. ऑपरेटरबाई मागे आमच्या शेजारी येऊन बसल्या. दाटीवाटी झाली, मामी सरकून म्हणाली, "या, या, मी काही फार जागा घेत नाही," जे खरं नव्हतं. मामाने आरसा नीट केला, आसन नीट केलं, पुन्हा आरसा नीट केला.

"निघायचं का हो?" मामी म्हणाली.

गाडी निघाली. चौकात आल्यावर मामाने घराकडचं वळण घ्यायला दिवा लावला. थोरल्या बाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"एवढ्यात घरी काय जायचं?" त्या म्हणाल्या. "लांबच्या रस्त्याने घे."

मामाने दिवा बंद केला आणि गाडी सरळ नेली.